गावठाणाचा अभ्यास वारसा-जतनात बसतो का, आणि त्यातून न्यायाच्या प्रश्नाला काही हाती लागते का?

बेलापूरची_वास्तुविद्यार्थिनी

नमस्कार. मी वास्तुसंवर्धनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असून राहायला बेलापूरला आहे. प्रबंधासाठी आपल्याच परिसरातला विषय घ्यावा असे ठरवले, तेव्हा मार्गदर्शकांनी स्वाभाविकपणे बेलापूरचा किल्ला सुचवला. किल्ल्याचे अवशेष आहेत, सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशा एकामागून एक आलेल्या सत्तांचा लिखित इतिहास आहे, बुरुजांचे मोजमाप काढता येते, दगड-चुन्याच्या झिजेचे वर्गीकरण करता येते आणि शेवटी दुरुस्तीचा आराखडा जोडता येतो. प्रबंधाला लागणारे सगळे साहित्य तेथे तयार आहे.

मला मात्र किल्ल्याच्या आसपासच्या गावांवर काम करायचे आहे: बेलापूर गाव, दिवाळे, आग्रोळी, शहाबाज. १९७० साली सिडको ही राज्याची नगरविकास संस्था स्थापन झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. शेती, मिठागरे आणि खारजमिनी गेल्या, गावठाणे, म्हणजे गावातली घरांची जागा, तेवढी उरली. शहराच्या नकाशावर ती आज नोडच्या, म्हणजे नियोजित उपनगरांच्या, आखीव चौकोनांमधली वेडीवाकडी बेटे दिसतात. या शहराचा इतिहास ५० वर्षांचाच आहे असे जे सर्रास लिहिले जाते, त्याला या गावांचे अस्तित्व हेच उत्तर आहे, असे माझे म्हणणे आहे.

मार्गदर्शकांची हरकत अशी की, गावठाणात जुनी म्हणावी अशी इमारत जवळजवळ उरलेली नाही. कौलारू घरांच्या जागी तीन-चार मजली आरसीसीची घरे आली आहेत आणि मंदिरांचाही जीर्णोद्धार संगमरवरी फरश्यांनी झाला आहे. मग जतन कशाचे करायचे आणि ‘संवर्धन’ या विषयात हा प्रबंध बसवायचा कसा? दुसरीकडे गावात चौकशीला गेले, तर लोकांचा प्रश्न अगदी वेगळा असतो. या अभ्यासाने आमच्या घराला कागद मिळणार आहे का, असे ते विचारतात. गरजेपोटी, परवानगीविना बांधलेली घरे नियमित होण्याचा प्रश्न ज्यांच्या डोक्यावर इतकी वर्षे आहे, त्यांनी असे विचारणे रास्तच आहे.

सामाजिक न्याय हा शब्द आमच्या वर्गात हल्ली बराच ऐकू येतो, पण तो बहुधा प्रबंधाच्या प्रस्तावनेत येतो आणि तेथेच थांबतो. पद्धतीत, मोजमापात, निष्कर्षात त्याने नेमका काय फरक पडायला हवा, हे कुणी सांगत नाही. ज्यांनी नियोजन, इतिहास किंवा कायदा या बाजूंनी असे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया मत द्यावे. विषय सोडावा असे कुणाला वाटत असल्यास तेही सांगावे.

निवृत्त_नगररचनाकार

विषय सोडू नये. परंतु मार्गदर्शकांची हरकत मोडून काढण्याआधी ती कोठून येते हे समजून घ्यावे, कारण ती त्यांची एकट्याची नाही. आपल्या कायद्यांच्या रचनेतच ती बसलेली आहे.

केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि राज्याचा १९६० चा कायदा हे दोन्ही स्मारक ही एक सुटी, हद्द आखता येणारी वस्तू धरून चालतात. केंद्राच्या कायद्यात किमान १०० वर्षांची अट आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आले. या चौकटीत किल्ला बसतो, लेणे बसते, मंदिर बसते. जेथे माणसे राहतात, घर वाढवतात, पाडतात, पुन्हा बांधतात, अशी वस्ती बसत नाही. उलट ती स्मारकाशेजारी असली तर तिच्यावर निर्बंध तेवढे येतात.

शहरी वारशाचे नियम त्यानंतरचे. बृहन्मुंबईसाठी १९९५ साली वारसा नियम लागू झाले, आणि देशात अशा स्वरूपाचे ते पहिले मानले जातात. त्यातील श्रेणी १, २ आणि ३ सर्वांना माहीत असतात, पण इमारत यादीत कशामुळे येते याचे निकष फार थोडे लोक वाचतात. ते अवश्य वाचावेत. वास्तुशैली, कालखंड, प्रसिद्ध व्यक्तींशी किंवा घटनांशी संबंध हे निकष त्यात आहेतच, परंतु ‘सामाजिक व आर्थिक इतिहासाशी असलेला संबंध’ हा स्वतंत्र निकष आहे, आणि समाजशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय अशी जीवनपद्धती किंवा समूहासाठी असलेले मूल्य दाखवणाऱ्या इमारतींच्या समूहालाही त्यात जागा आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही, जी ठाण्यासह राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू आहे, वारसा-जतनाची तरतूद आहे. म्हणजे कोळीवाड्याला किंवा चाळीला कायद्याने दार बंद केलेले नाही. याद्या करणाऱ्यांनी, त्यांत माझ्या पिढीचे आम्ही सगळे आलो, त्या दाराने फारसे कुणाला आत घेतले नाही. समितीच्या बैठकीत कमान आणि स्तंभ यांवर तासभर चर्चा होते. एखाद्या चाळीत कोण राहत होते आणि तेथून कोणती चळवळ उभी राहिली हा मुद्दा निघाला, की तो ‘भावनिक’ म्हणून बाजूला ठेवला जातो.

मार्गदर्शकांच्या हरकतीचे दुसरे कारण मूळ रूपाच्या आग्रहात आहे. अमेरिकेत १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक जतन कायद्याखाली जी राष्ट्रीय नोंदवही आहे, तिच्यात नाव लागण्यासाठी महत्त्वासोबत अखंडत्वही दाखवावे लागते. स्थान, रचना, परिसर, साहित्य, कारागिरी, भाव आणि संबंध असे त्याचे सात पैलू सांगितले आहेत. तेथील संशोधकांनी या निकषावर गेल्या काही दशकांत बोट ठेवले ते याच कारणाने. ज्या कृष्णवर्णीय वस्त्यांना कर्ज नाकारले गेले, ज्यांच्यामधून महामार्ग काढले गेले, ज्यांना मिळेल त्या सामानाने घरे दुरुस्त करावी लागली, त्यांच्या इमारती मूळ रूपात राहणार कशा? श्रीमंताचा बंगला जसाच्या तसा राहतो, कारण त्याला बदलण्याची गरजच पडत नाही. निकष दोघांना सारखाच लावला आणि निकाल मात्र एका बाजूला झुकला. आपल्या प्रबंधातील गावठाणाला हा युक्तिवाद अक्षरशः लागू पडतो. कौले गेली ती हौसेने गेली नाहीत. जमीन गेल्यावर कुटुंबाला वाढायला आडवी जागा राहिली नाही, म्हणून घर उभे वाढले; शिवाय भाड्याच्या खोल्या हेच अनेकांचे उत्पन्न झाले. तेव्हा तो चौथा मजला हा संपादनाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून मोजावा. त्याला ‘विद्रूपीकरण’ म्हणून वगळले, तर आपण कारण झाकून परिणामाला दोष देतो.

वारसा-जतनाची ऑस्ट्रेलियातली बुरा सनद १९७९ ची आहे, आणि सामाजिक मूल्य हे तिने सौंदर्य, इतिहास व विज्ञान यांच्या बरोबरीने धरले आहे. मार्गदर्शकांना आंतरराष्ट्रीय आधार हवा असेल तर तो तेथे आहे.

एक धोक्याची सूचनाही देतो. शेवटच्या प्रकरणात ‘गावठाणाला वारसा परिसर घोषित करावे’ अशी शिफारस सवयीने लिहू नये. परिसर घोषित झाला की दर्शनी भाग, उंची, छप्पर यांवर परवानगी लागते, आणि ती परवानगी मिळवण्याचा खर्च ज्याला वकील-वास्तुविशारद परवडतो त्यालाच झेपतो. लेकाच्या लग्नाआधी वरचा मजला चढवायचा असलेल्या कुटुंबावर वारशाचे ओझे टाकणे हा न्याय होत नाही. शिफारस करायचीच असेल, तर जे सामाईक आहे तेवढ्यापुरती करावी: बंदर, जाळी वाळवण्याची जागा, तलाव, गावदेवीचे आवार, स्मशान. विकास आराखड्यात सर्वांत आधी याच जागांवर आरक्षणाची रेघ ओढली जाते.

खाडीकाठचा

मी या ९५ गावांपैकी एका गावचा आहे, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो.

अभ्यासक येतात ही गोष्ट आम्हाला नवी नाही. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी येतात, समाजशास्त्राचे येतात, पर्यावरणाचे तर खाडीच्या निमित्ताने वरचेवर येतात. आमच्या म्हाताऱ्यांना बसवून तासन्‌तास बोलते करतात, नकाशे काढतात, आणि मग त्या कामाचे पुढे काय झाले ते कळत नाही. एका गटाने गावातल्या जुन्या छायाचित्रांचे संच नेले होते. ते परत यावेत म्हणून आमच्या मंडळाला पत्रे लिहावी लागली. प्रबंध इंग्रजीत असतो, तो संस्थेच्या ग्रंथालयात असतो, आणि त्या ग्रंथालयात आम्हाला प्रवेश नसतो. न्यायाची चर्चा याच टोकापासून सुरू करावी. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती त्यांच्या भाषेत परत मिळणे ही संशोधनातली पहिली देणी आहे, आणि ती फेडायला सरकारी धोरण बदलण्याची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे म्हणजे, आमचा वारसा घरांत शोधू नका, तेथे तो आता नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात भूसंपादनावरून झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ जमीनधारकाला देण्याचे तत्त्व आले. त्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ जासईला आणि दास्तान फाट्यावर दर वर्षी माणसे जमतात. त्या जागेवर पाहण्यासारखी वास्तू काय आहे, असे विचारले तर फारसे काही नाही. पण आगरी-कोळी माणसाला नवी मुंबईचा इतिहास सांगायला बसवले, तर तो किल्ल्यापासून सुरुवात करत नाही, दास्तान फाट्यापासून करतो. आणखी मागे गेलो तर अलिबागजवळच्या चरीचा शेतकरी संप येतो. खोतांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या, विरोधात १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली तो सुरू झाला आणि सुमारे सहा वर्षे चालला. त्या काळात कुळांनी शेते पडीक ठेवली, लाकडे विकून दिवस काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे हा सगळा असंतोष होता. या जागा कुठल्या निकषात बसतात ते वरच्या नगररचनाकार साहेबांनीच सांगावे.

तिसरे, जे डोळ्यांना दिसते पण अभ्यासकांना दिसत नाही ते: खारबंदिस्ती. समुद्राचे पाणी अडवणारे मातीचे बांध, त्यांतल्या उघाड्या म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याची दारे, बांध फुटला की साऱ्या गावाने एकत्र येऊन तो घालण्याची रीत. हे सगळे अभियांत्रिकी ज्ञान होते आणि ते सामूहिक होते. त्यावर भराव पडून नोड झाले. बेलापूर-उलवे पट्ट्यात काही बांधांच्या खुणा अजून दाखवता येतात. त्या दाखवू शकणारी माणसे सत्तरीच्या पुढची आहेत. किल्ल्याचा बुरुज आणखी काही वर्षे वाट पाहू शकेल.

इतिहासशिक्षिका_ठाणे

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी एका बाबतीत मला विद्यार्थिनीला आणि ‘खाडीकाठचा’ यांनाही अडवावेसे वाटते.

‘गाव’ आणि ‘शहर’ अशी सरळ मांडणी केली की गाव म्हणजे एकजीव समूह असा भास निर्माण होतो. तो इतिहासाला धरून नाही. गावठाणाची हद्द ही मुळात महसुली मोजणीने ठरलेली रेघ आहे, आणि कोकणात, ठाण्यात व इतरत्रही बौद्धवाडी, कातकरवाडी, ठाकूरवाडी या वस्त्या अनेकदा त्या रेघेच्या बाहेर आढळतात. म्हणजे ‘गावठाणाचे जतन’ असे प्रबंधाचे नाव ठेवले, की कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बाहेर ठेवायचे हा निर्णय एका जुन्या सर्वेअराने तुमच्यासाठी आधीच करून ठेवलेला असतो. अभ्यासक्षेत्र ठरवताना नकाशावरची हद्द न घेता, गावात कामाला, पाण्याला, बाजाराला आणि प्रेत न्यायला कोण कोठून कोठे जात असे यावरून हद्द आखावी. ती वेगळीच येईल.

पाण्याचेच घ्या. सार्वजनिक विहिरी, तलाव, धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या कराव्यात, असा सी. के. उर्फ सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. तो कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. चवदार तळ्याचे महत्त्व आज कुणी नाकारत नाही. परंतु ठाणे जिल्ह्यातल्या शेकडो साध्या विहिरींना हाच प्रश्न विचारता येतो: ही विहीर कुणी खोदली, तिच्यावर कोण चढू शकत होते, आणि ती सर्वांना खुली कधी झाली? मी माझ्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न घरी विचारायला लावते. उत्तरे देताना आजोबा लोक पुष्कळदा विषय बदलतात, आणि ते विषय बदलणे हीसुद्धा एक नोंद असते. जतनाच्या अहवालात विहिरीचा व्यास, खोली, दगडाची जात सगळे असते. तिच्या काठावर कोणाला थांबावे लागत होते, याचा रकाना त्या नमुन्यात नसतो. मला विचाराल तर सामाजिक न्याय प्रबंधाच्या पद्धतीत आणायचा म्हणजे नोंदीचा तो नमुना बदलायचा.

साधनांविषयी थोडे. ठाणे जिल्ह्याचे १८८२ चे गॅझेटिअर, म्हणजे मुंबई गॅझेटिअरचा तेरावा खंड, तुम्हाला लागेलच. तो माहितीने ओतप्रोत भरलेला आहे, आणि तितकाच एका राज्यकर्त्याच्या नजरेतून लिहिलेला आहे. जाती-जमातींच्या स्वभावाविषयी त्यात जी वाक्ये आहेत, ती आजही पर्यटन-पुस्तिकांमध्ये उतरवून घेतलेली दिसतात. त्याहून कमी वापरले गेलेले साधन म्हणजे भूसंपादनाचे निवाडे, म्हणजे कुणाला किती मोबदला द्यायचा याचे सरकारी निर्णय. १८९४ च्या कायद्याखालच्या निवाड्यांत जमिनीबरोबर झाडे, विहिरी, बांधकामे यांचे मूल्य ठरवलेले असते, त्यामुळे नष्ट झालेल्या भूप्रदेशाची ती नकळत झालेली नोंद आहे. आंब्याची किती झाडे होती, कौलारू घर कुठे होते, हे त्यातून उभे करता येते. पण निवाड्यात नाव येते ते हितसंबंध सिद्ध करू शकणाऱ्याचे. नोंद नसलेले कूळ, शेतमजूर, मिठागरावर राबणारे, खाडीत हाताने मासळी-कालवे धरणाऱ्या बायका यांचे नाव त्यात शोधून सापडणार नाही. साडेबारा टक्क्यांच्या योजनेचाही पाया संपादित जमिनीचे क्षेत्र हाच असल्यामुळे, ज्याची जमीनच नव्हती त्याच्या गमावण्याला तेथे परिमाण नाही. निवाड्यातील नावे आणि लोकांच्या आठवणीतील नावे समोरासमोर ठेवली, तर मधली जी पोकळी दिसेल ती तुमच्या प्रबंधाचे सर्वांत मोलाचे प्रकरण ठरेल, असे मला वाटते.

ठाण्यातले एक उदाहरण देते, कारण किल्ला विरुद्ध वस्ती असा झगडा मांडण्याची गरजच नाही, हे त्यातून दिसते. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी पुरा केला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला. आजही तो मध्यवर्ती कारागृहच आहे. तटबंदी म्हणून त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे. पण याच तटांच्या आत २ मे १८४८ रोजी महादेव कोळी समाजातले राघोजी भांगरे फाशी गेले, आणि १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे फाशी गेले. सावकारीच्या आणि इंग्रजांच्या विरोधात उठलेला डोंगरातला माणूस, आणि नाशिकच्या कलेक्टरचा वध करणारे शहरी तरुण, एकाच भिंतीच्या आत. शाळेच्या पुस्तकातून बाहेर पडलेल्या मुलाला यातली कोणती नावे ठाऊक असतात, हे मी दर वर्षी विचारते. किल्ल्यावर प्रबंध केला तरी प्रश्न तोच विचारता येतो. म्हणून मार्गदर्शकांशी भांडण्यापेक्षा त्यांना हे दाखवावे.

येऊर_वकील

कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहितो, तरी एका मुद्द्यावर रेंगाळावे लागेल.

संशोधन न्यायाच्या कामी येते ते बहुधा पुरावा म्हणून. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत हक्क सिद्ध करण्यासाठी जे पुरावे चालतात, त्यांत सरकारी कागदांबरोबर घरे, बांधबंदिस्ती अशा प्रत्यक्ष खुणा, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांसारख्या प्राचीनत्व दाखवणाऱ्या पारंपरिक रचना, आणि दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाब यांचा स्पष्ट समावेश आहे. येऊरच्या डोंगरातल्या पाड्यांकडे सात-बारा नाही, पण देव आहे, दफनाची जागा आहे, झऱ्याला नाव आहे. या गोष्टींची शिस्तीने केलेली नोंद ही तेथे अभ्यासकाची हौस राहत नाही, तिला दाव्याच्या कागदाची किंमत येते. तुमच्या गावांना वनहक्क कायदा लागू होणार नाही हे खरे. तथापि २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणाम मूल्यांकन आले आहे आणि त्यात प्रार्थनास्थळे, आदिवासींच्या पारंपरिक संस्थांच्या जमिनी, दफन व दहनभूमी यांवरील परिणाम पाहावा लागतो. १८९४ च्या कायद्यात असले काही नव्हते, आणि नवी मुंबईचे संपादन त्याच कायद्याच्या काळातले. आज एखाद्या गावाला हरकत घ्यायची झाली तर ‘ही जागा आमची जुनी आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कधीपासून, कोण, कशासाठी वापरते, हे मांडावे लागते. अमेरिकेतल्या ज्या कायद्याचा वर उल्लेख आला आहे, त्याच्या १०६ व्या कलमान्वये संघराज्याच्या पैशाने किंवा परवान्याने होणाऱ्या कामाआधी ऐतिहासिक जागांवरील परिणाम विचारात घ्यावा लागतो आणि १९९२ च्या दुरुस्तीनंतर तेथील मूळ जमातींशी सल्लामसलत करणेही बंधनकारक आहे. सल्ला ऐकलाच पाहिजे असे ते कलम म्हणत नाही, ही त्याची मर्यादा तेथील लोकही सांगतात. पण आधीच तयार असलेली नोंद तेथेही उपयोगी पडते.

म्हणून जबाब घेताना तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे वय आणि ती गोष्ट त्याने स्वतः पाहिली की ऐकली, हे नोंदवावे. त्याला वाचून दाखवून सही किंवा अंगठा घ्यावा. एक प्रत त्याच्याकडे राहू द्यावी.

आता रेंगाळण्याचा मुद्दा. नगररचनाकारांनी चौथ्या मजल्याला पुरावा म्हटले, ते विचार म्हणून उत्तम आहे. परंतु घरनिहाय मजले, मोजमापे, बांधणीचे वर्ष आणि मालकाचे नाव असलेला नकाशा प्रबंधात छापला, तर तो अनधिकृत बांधकामाच्या कारवाईत कुणाच्या हाती पडेल याचा विचार करावा. ज्या घरांची नियमितता अजून अधांतरी आहे, त्यांच्याविरुद्ध वापरता येईल असा दस्तऐवज तुम्ही सद्भावनेने तयार करून द्याल. संस्थेच्या नीतिसमितीच्या छापील नमुन्यात हा धोका बहुधा येणार नाही. घरांची नोंद समूहाने द्यावी, एकेका घराची देऊ नये. वर्षांऐवजी दशके द्यावीत. आणि तपशीलवार मोजणी प्रसिद्ध न करता गावाच्या ताब्यात ठेवावी. काय छापायचे नाही, हे छापण्याआधी गावाशी बोलून ठरवणे हाही पद्धतीचाच भाग धरा आणि तसे प्रबंधात लिहा. परीक्षकांना तो कमकुवतपणा वाटला तर तोंडी परीक्षेत त्याचे समर्थन करता येईल.

बेलापूरची_वास्तुविद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. विषय कायम ठेवते आहे, पण त्याचा रोख बदलते. घरांचे वास्तुशास्त्रीय वर्गीकरण हे प्रकरण आता दुय्यम राहील आणि सामाईक जागा, म्हणजे बंदर, तलाव, विहिरी, स्मशान आणि सापडतील तेवढ्या खारबांधांच्या खुणा, यांवर मुख्य काम होईल. निवाड्यांची प्रकरणे कोणत्या अभिलेख कक्षात पाहता येतील, याची चौकशी सुरू केली आहे. गावठाणाच्या हद्दीबाहेरच्या वस्त्या अभ्यासक्षेत्रात घेते आहे; त्यामुळे गावांची संख्या कमी करून दोनवर यावे लागेल असे दिसते.

एक अडचण उरते. बाईंनी सुचवलेला विहिरीचा प्रश्न मी गावातल्या प्रतिष्ठितांच्या बैठकीत विचारला, तर पुढची दारे बंद होण्याचा संभव आहे, आणि न विचारला तर प्रबंध खोटा ठरतो. प्रवेश मंडळाच्या ओळखीने मिळणार आणि प्रश्न मंडळातल्यांना नको असलेला. यावर ‘खाडीकाठचा’ यांनी काही सांगावे.

खाडीकाठचा

बाईंनी मला अडवले ते योग्यच केले. आमच्या लढ्याचा इतिहास सांगताना आम्ही वाडीचा इतिहास गाळतो, हे मला नाकारता येणार नाही.

अडचणीवर माझे मत असे: मंडळाच्या मार्फत सगळीकडे जाऊ नका. गावच्या बैठकीत बंदर, बांध आणि संपादन यांविषयी विचारा; त्यावर माणसे मोकळी बोलतात. वाडीत स्वतंत्र ओळख काढून जा; तेथल्या बुद्धविहाराच्या समितीला आधी पत्र द्या आणि मंडळाचा कोणी माणूस सोबत नेऊ नका, कारण तो शेजारी बसला तर विहिरीविषयी खरे कुणी बोलणार नाही. मासळी विकणाऱ्या बायकांना दुपारनंतर भेटा. सकाळी त्यांना बोलायला सवड नसते, आणि पुरुषांच्या देखत भरतीच्या वेळा आणि खाजणाची माहिती त्या पुरुषांनाच सांगू देतात, स्वतःला जास्त ठाऊक असली तरी. दोन्हीकडची टिपणे वेगवेगळी ठेवा. शेवटी मराठी प्रत द्यायची ती मंडळाला एक आणि विहाराला एक, एकाच दिवशी, आणि दोन्हींत मजकूर तोच असावा.

निवाड्यांसाठी अर्ज करताना गावाचे जुने नाव आणि जुना सर्व्हे नंबर लिहा. सेक्टर क्रमांक दिलात तर काहीच सापडणार नाही. माझ्याकडे आमच्या गावच्या काही फेरफारांच्या नकला आहेत, त्या येथेच पाहता येतील. नेता मात्र येणार नाहीत.